आक्षीचे पक्षी, तुझ्या लडाखचे

दादर, मुंबई
चैत्र शुद्ध षष्ठी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा चतुर्थीला दिवसभर अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर होतो. रात्री तुला फोन लावला, पण तुमच्याकडची रेंज मध्येच गेली. बरंच झालं म्हणायचं, कारण हे सवडीने लिहावं असंच आहे, आणि त्यात तुझा संबंध तुला वाटतो त्यापेक्षा जास्त आहे.

चतुर्थी मुद्दाम धरली होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पूर्ण भरती दुपारी तीनच्या सुमारास आणि त्याआधी सहा तास, नऊला, पूर्ण ओहोटी. किनाऱ्यावरचे पक्षी आपल्या घड्याळाने चालत नाहीत. ओहोटीला ते मैलभर पसरतात, भरती चढू लागली की पाणीच त्यांना आपल्याकडे ढकलत आणतं. सकाळी नुसतं हिंडायचं आणि दुपारी एका जागी बसायचं, असं ठरवूनच गेलो.

गेटवेहून पहिली लाँच पकडली. लाँच सुटली की कुरवांचा, म्हणजे सीगलांचा, थवा मागे लागतो, ते तू पाहिलेलं आहेस. लोक गाठ्या उडवतात, पक्षी वरच्या वर झेलतात, मुलं टाळ्या पिटतात. मला ते बघवत नाही. थोड्याच दिवसांत ज्याला हिमालय ओलांडायचाय, त्याच्या पोटात मासळी जायला हवी, तळलेलं बेसन नव्हे. थंडीत या कुरवांचं डोकं पांढरं असतं, कानामागे तेवढा एक काळपट डाग. आता मात्र बहुतेकांचं अख्खं डोकं गडद तपकिरी झालंय. एक तर कठड्यापासून हातभरावर वाऱ्यावर तरंगत होता. फिकट, जवळजवळ पांढरा डोळा, त्याला तांबडी कड, लाल चोच आणि पंखाच्या काळ्या टोकात पांढरा ठिपका. हा तपकिरी डोक्याचा कुरव. याच थव्यात काळ्या डोक्याचेही असतात, पण त्यांचा डोळा काळा आणि त्यांचा मुलूख वेगळा. हा पांढऱ्या डोळ्याचा मात्र उन्हाळ्यात तुझ्याकडे येतो. त्सो मोरिरी सरोवराच्या काठाला, साडेचार हजार मीटर उंचीवर, त्याचं घर आहे.

मांडव्याहून बसने अलिबाग. वाटेत किहीमचा फाटा लागला. १९३० च्या सुमारास हातची नोकरी गेल्यावर सलीम अली किहीमला येऊन राहिले आणि घराजवळच्या सुगरणींची वसाहत महिनोन्‌महिने बघत बसले. एक नर एकामागून एक अनेक घरटी बांधतो आणि निरनिराळ्या माद्यांबरोबर संसार मांडतो, हे त्यांनी तिथेच टिपलं. त्या रस्त्याने जाताना मला दर वेळी आदराने भरून येतं.

अलिबागहून मिनीडोर रिक्षाने आक्षी. सुरूच्या बनातून बाहेर आलो तेव्हा पाणी पार आत गेलेलं होतं. ओल्या वाळूवर इवल्याशा खेकड्यांनी वाळूच्या गोळ्या मांडून ठेवलेल्या, प्रत्येक बिळाभोवती चांदणीसारखी नक्षी. त्या नक्षीतूनच चिखल्या पळत होते. चिमणीहून थोडा मोठा, पन्नास-साठ ग्रॅमचा पक्षी. चार पावलं तुरुतुरु धावतो, थबकतो, मान तिरकी करतो आणि एकदम वाकतो. एकाने कृमी पकडला, तो बिळातून सुटेना. याने पाय रोवून, अंग मागे टाकून हळूहळू ओढला, तुटू दिला नाही, आणि शेवटी अख्खा गिळला. डिसेंबरात हाच पक्षी असा मातकट असतो की वाळूवर बसला तर शोधावा लागतो. आता कपाळावर आणि डोळ्यांवरून काळा पट्टा आलाय, छाती विटकरी झालीय. काहींना नुसती झाक, काही पूर्ण रंगलेले. आम्ही याला आजवर लेसर सँड प्लोव्हर म्हणत आलो. आता त्याच्या दोन जाती मानतात, सायबेरियन आणि तिबेटन. आपल्या किनाऱ्यावर येणारा बहुतेक तिबेटन. तो लडाख-तिबेटच्या पठारावर अंडी घालतो. आक्षीपासून तुझ्या त्सो मोरिरीपर्यंत सरळ रेषेत सोळा-सतराशे किलोमीटर होतात. तेवढं अंतर तो आक्षीच्या या चिखलातून जमवलेल्या चरबीवर कापायला निघतो.

शिवल्या काढायला आलेली एक मावशी माझ्याकडे बघत होती. दुर्बीण दिली, तिने चिखल्या नीट पाहिला आणि म्हणाली, हे पावसात नसतात, गणपतीच्या आसपास पुन्हा दिसतात. कुठल्याही पुस्तकाइतकं बरोबर. मग म्हणाली, "पानी परतला बघ," आणि पाटी उचलून निघालीसुद्धा.

खरंच परतलं होतं. बारानंतर पक्षी जवळ येऊ लागले. दीडच्या सुमारास उरलेल्या वाळूच्या पट्ट्यावर चिखल्या, सुरय आणि कुरव असे खांद्याला खांदा लावून उभे होते, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. ही त्यांची विश्रांतीची वेळ. खाणं पाण्याखाली गेलेलं असतं, तेव्हा ताकद राखायची असते. नेमकी तेव्हाच एक जीप वाळूवरून भरधाव आली, मागे कुत्री. थवा उठला, समुद्रावर मोठा फेरा मारून परत बसला. पाच-दहा मिनिटांत पुन्हा तेच. मला फार वाईट वाटलं रे. जीपमधल्या पोरांना अडवून सगळं सांगितलं. त्यांनी गाडी वर घेतली, एकाने तर दुर्बिणीतून बघितलंही. कुणी सांगतच नाही, म्हणून होतं हे. किनाऱ्यावर गाडी घालू नये याची पाटी लावतात, तिच्यात या पक्ष्यांबद्दल एक ओळ घालायला काय हरकत आहे?

भरती पुरी झाल्यावर पोयनाडच्या बाजूला खारेपाटात, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, गेलो. खाडीचे बांध फुटून जिथे शेतं गेली तिथे आता कांदळवन आहे, आणि जिथे बांध टिकलेत तिथे भाताच्या कडेने जिताडा माशाची तळी. किनाऱ्याचा चिखल बुडाला की खाडीतले पक्षी इथे आसऱ्याला येतात. शेकाट्या होते, वारकरी होते, पण मी आलो होतो तो लाल पायांच्या टिलव्यासाठी. बांधावर पाऊल पडताच त्याने ‘टिव् टिव् टिव्’ करून सगळं तळं जागं केलं आणि उडताना पंखांची पांढरी मागची कड दाखवली. दलदलीचा राखणदारच तो. आणि ऐक, हाही लडाखच्या पाणथळीत घरटं करतो.

येताना पांढऱ्या कांद्याच्या दोन माळा घेतल्या. एक काकूंकडे पोचवली. त्यांची तब्येत छान आहे, तुझ्यासाठी कोकम आगळ भरून ठेवलंय.

आता तुझं काम. रस्त्याच्या कामावर जूनमध्ये तुला त्या भागात जावंच लागणार आहे, तर एक दिवस काढून त्सो कार सरोवराला जा. काठाच्या रेताड, खडीच्या जमिनीवर चिखल्या उघड्यावर खळगा करून अंडी घालतो, बहुधा तीन. ती खड्यांतून वेगळी ओळखू येत नाहीत. म्हणून गाडी रस्त्यावरच ठेव आणि ड्रायव्हरलाही तसं सांग. पक्षी लंगडत, पंख पाडत पुढे पळू लागला तर समज की घरटं जवळ आहे, आणि आल्या पावली मागे फिर. भटक्या कुत्र्यांचा त्रास तिकडे आपल्यापेक्षा वाईट आहे, काळ्या मानेच्या क्रौंचांची अंडी-पिल्लंसुद्धा त्यांच्या तोंडी जातात. तुमच्या कँपवरचं खरकटं उघड्यावर पडत असेल तर ते पुरायची व्यवस्था कर. साहेब आहेस, तुझ्या शब्दाने होईल.

माझी जुनी आठ बाय चाळीसची दुर्बीण उद्या पार्सलने पाठवतो. काचा साफ केल्यात, पट्टा नवा घातलाय. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मला रजा मिळेलसं दिसतंय. परमिटला काय काय कागद लागतात ते तेवढं लगेच कळव, म्हणजे तिकीट काढतो.

तुझाच,
दादरवाला