उद्यमबागच्या मिस्त्रीमामांना थँक्यू

मामा, नमस्कार. तुमच्याकडं बटणाचा फोन, त्यामुळं तुम्ही हे वाचणार नाही, खरं पोरगा वाचून दाखवेल म्हणून लिहायला बसलोय. उचगावकडनं टेम्पोत घालून आणलेला तो 7 एचपीचा पेट्रोलवाला टिलर, रान भुसभुशीत करायची मशीन, आठवतोय न्हवं? तो काल आईनं एकटीनं चालवला, रताळ्याचं रान झालं आमचं, आता वेल लावायचे.

मिरगाचा पाऊस होऊन गेलेला, शेजारच्यांची रानं तयार आणि आमची मशीन बिघडून शेडात. जिथनं विकत घेतली त्या दुकानाचं नाव घेत नाही, खरं त्यांनी काय केलं तर प्रत्येक वेळी पोरगं पाठवून क्लचची केबल आवळली, सर्व्हिसिंगचे पैसे घेतले, आणि शेवटी म्हणाले गिअरबॉक्सच आख्खा बदलावा लागतोय, पार्ट पुण्याहनं येणार, थांबा. आई समोर उभी असताना मलाच विचारणार, घरात चालवायला दुसरं गडीमाणूस नाही का म्हणून! अरे बाबा, आख्खं रान तीच बघतेय की.

तुम्ही गिअरबॉक्सचं ऑइल काढलंत तर ते दुधाच्या चहासारखं पांढरट. पाणी शिरलंय, गिअर चांगले हाईत, म्हणालात. शाफ्टला गुंडाळलेली प्लास्टिकची सुतळी ब्लेडनं कापून काढलीत आणि तिनं खाल्लेला ऑइल सील, म्हणजे ऑइल आत आणि पाणी बाहेर ठेवणारी शाफ्टवरची रबरी रिंग, माझ्या हातावर ठेवलात. वर 35-52-7 छापलेलं. हा नंबर सांग, कुठल्याबी बेअरिंगच्या दुकानात मिळतंय. मिळाला की लगेच! दुसऱ्या बाजूचा पण बदलूया म्हटलं तर तुम्हीच नको म्हणालात, तो अजून चांगला हाय, कशाला पैसे घालवतोस. गिऱ्हाईकाचा खर्च वाचवणारा मिस्त्री मी तर पहिल्यांदाच बघितला.

खरं हे सगळं राहू दे. बेल्ट झिजून पुलीत खाली बसलेला तो बदललात, आणि केबल जोडायच्या आधी थांबून विचारलंत, मशीन कोण चालवतंय? मी आईकडं बोट केलं. तुम्ही हात पुसलात, म्हणालात, अक्का, जरा हँडल धरून दावा. ती लाजली, पदर खोचला, धरलं. तिची बोटं लिव्हरपर्यंत पोचतच नव्हती नीट, वर जुना बेल्ट घसरतोय म्हणून केबल आवळून आवळून लिव्हर दगड झालेलं, ते ती बिचारी दोन हातांनी दाबायची आणि रात्री मनगटाला तेल चोळत बसायची, मला वाटायचं वयानं दुखतंय. तुम्ही केबल सैल केलीत, क्लॅम्प सरकवून लिव्हर तिच्या बोटाजवळ आणलंत, परत धरायला लावलंत, परत थोडं सरकवलंत. वरनं सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलात. ह्याचे पैसे विचारले तर हसलात नुसतं.

आपल्या बेळगावात असली माणसं हाईत, शेडावर बोर्ड पण नसतोय त्यांच्या, आणि एसीत बसून कोटेशन देणाऱ्यांच्या दारात आपण चपला झिजवतोय.

आई पण थँक्यू सांगायला लावतेय. आणि विचारतेय, डाव्या हँडलला पण तसलीच ट्यूब बसवून मिळेल काय, ह्या खेपेला पैसे घेणार असाल तरच येते म्हणतेय.