‘पूर्णतः अग्निरोधक’ हॉटेलचा जिना

संपादक महोदय,

उंच हॉटेलांचा इतिहास लिहिताना मजले, झुंबरं आणि तिथं उतरलेल्या बड्या मंडळींची यादी हमखास येते. जिन्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. अमेरिकेतल्या अटलांटाचं वाइनकॉफ हॉटेल यासाठी मुद्दाम पाहावं.

१९१३ साली उघडलेलं हे १५ मजली हॉटेल स्वतःची जाहिरात ‘पूर्णतः अग्निरोधक’ अशी करी. इमारतीपुरतं ते खरंही होतं! ७ डिसेंबर १९४६च्या पहाटे आग लागली, त्यातून सांगाडा शाबूत राहिला. माणसं मात्र ११९ गेली. ज्यांचं नाव हॉटेलला होतं, ते वाइनकॉफ पती-पत्नीही त्यात होते.

वर जायला जिना एकच, तोही लिफ्टलगत, उघडा. मजल्यांवर त्याला बंद करणारी दारं नव्हती. खालच्या मजल्यावरच्या बोळात आग भडकताच त्या जिन्याचं धुराडं झालं. बोळाच्या भिंतींवर रंगवलेलं गोणपाटी कापड होतं, तेही पेटलं. खोल्यांच्या दारांवर हवेसाठी झडपा होत्या. झडप उघडी असताना पाहुण्यानं श्वासासाठी खिडकी उघडली की हवेचा झोत तयार होई आणि ज्वाळा खोलीत ओढल्या जात. स्प्रिंकलर नव्हते, बाहेरून उतरायला आपत्कालीन जिना नव्हता, अग्निशमन दलाच्या शिड्या वरच्या मजल्यांपर्यंत पोचत नव्हत्या. आणि हे सगळं तेव्हाच्या नियमांत बसत होतं.

धुराची वाट पुढेही बंद झाली नाही. १९८० साली लास वेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलमध्ये आग खालीच राहिली, तरी ८५ मृतांपैकी बहुतेक वरच्या मजल्यांवरचे होते. धूर जिन्यांतून, लिफ्टच्या पोकळ्यांतून वर गेला.

म्हणून जिन्याचं दार तपासावं. ते थोडंसंच उघडून हात सोडावा, मग पूर्ण उघडून सोडावा. दोन्ही वेळा ते आपसूक मिटून खिट्टी बसली पाहिजे. तेल गळलेला क्लोजर (दार आपोआप मिटवणारं यंत्र), खाली अडणारा गालिचा किंवा सामान ने-आण करताना लावलेली लाकडी पाचर, एवढ्यानं सगळी व्यवस्था फुकट जाते. धूर आत शिरू नये म्हणून जिन्यात हवेचा दाब ठेवणारा पंखा असेल, तर तो चालू करूनही हीच चाचणी घ्यावी. जिन्यातून बाहेरच्या बाजूला उघडणारं दार या दाबामुळे पुरतं मिटत नाही, असं होऊ शकतं.

जुन्या हॉटेलांच्या नूतनीकरणात शोभेचा उघडा जिना जपायला हरकत नाही. मात्र सुटकेच्या हिशेबात तो धरू नये. त्यासाठी एकमेकांपासून दूर असलेले दोन बंदिस्त जिने हवेत, आणि ते लॉबीत न उतरता थेट बाहेर उघडावेत.

— अग्निसुरक्षा तपासणीच्या कामातील एक वाचक