पिपेट हातात कधी येणार?

मा. संपादक,

गेल्या उन्हाळ्यात माझी एक विद्यार्थिनी हैदराबादहून फोनवर रडली. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून देतात ती दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप तिला मिळाली होती. तिथे पहिल्याच दिवशी हातात मायक्रोपिपेट, म्हणजे थेंबाहूनही कमी द्रव मोजून घेणारं उपकरण, आलं. त्याचं बटण दोन टप्प्यांत दाबलं जातं: द्रव ओढताना पहिल्या टप्प्यापर्यंत, सोडताना दुसऱ्यापर्यंत. हिने ओढतानाच शेवटपर्यंत दाबलं. प्रत्येक नळीत माप जास्त गेलं आणि पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याचा प्रयोग, वाया गेला. "मॅडम, वर्गात पहिली येऊन मला एवढंही येईना," म्हणाली.

दोष तिचा नाही. मी बावीस वर्षं जैवतंत्रज्ञान शिकवते. तीस मुलांत दोन पिपेट. प्रात्यक्षिक मी करून दाखवते, मुलं भोवती उभी राहून वहीत उतरवतात. डीएनएचे तुकडे वेगळे करणाऱ्या जेलची आकृती सुबक काढतात. पण खाचेत नमुना सोडताना हात कसा थरथरतो, टोक रुतून खाच कशी फाटते, हे त्यांच्या हाताला ठाऊकच नसतं. मग पुण्या-बंगळुरूच्या पीएचडीच्या मुलाखतीत कुणी विचारलं, "जेलवर डीएनएचा बँड दिसलाच नाही तर आधी काय तपासाल?" की नेट ही पात्रता परीक्षा पास झालेली मुलंही गप्प होतात.

मुलं हुशार आहेत आणि प्रश्न तर आमच्या बांधावरच आहेत. बीटी कपाशीला गुलाबी बोंडअळी दाद देईनाशी झाली, त्यामागे अळीच्या कॅडहेरिन (बीटीचं विष आतड्यात ज्याला चिकटतं ते प्रथिन) जनुकातले बदल असल्याचं संशोधनात दिसलं आहे. ती अळी माझ्या विद्यार्थ्यांनी बोंड फोडून स्वतः पाहिली आहे. केवडा रोगाला तोंड देणारी 'परभणी क्रांती' भेंडी आमच्याच कृषी विद्यापीठाने दिली. ही परंपरा पुढे कोण नेणार?

पालक विचारतात, पीएचडीची पाच वर्षं पैसा कुठून आणायचा? जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधन फेलोशिप, मिळालेल्याला 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आणि वर घरभाडं मिळतं, हे सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही. (ते पैसे महिनोन्‌महिने रखडतात, हे दुखणं वेगळं.) नीटची खडान्‌खडा माहिती असलेल्या घरात टीआयएफआर या मुंबईच्या संशोधन संस्थेच्या जीवशास्त्र प्रवेश परीक्षेचं नावही कुणी ऐकलेलं नसतं.

नव्या शैक्षणिक धोरणात एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्पाला क्रेडिट आहेत. पण प्रयोगशाळाच नसेल तर तो प्रकल्प इंटरनेटवरून गोळा केलेला कागदांचा गठ्ठा होतो. माझी मागणी एकच आहे. शेवटचं अख्खं सत्र विद्यार्थ्याने प्रयोगशाळेतच काढावं, आणि त्यासाठी संभाजीनगर, नांदेड व परभणीच्या विद्यापीठांनी आपली यंत्रं तालुक्याच्या मुलांना खुली करावीत. संभाजीनगरच्या विद्यापीठात डीएनए बारकोडिंगचं, म्हणजे डीएनएवरून जीवाची जात ओळखण्याचं, केंद्र आहे. तिथे एक प्रयोग तीनदा फसून चौथ्यांदा जमला, तरी मुलगा वर्षभराच्या तासांपेक्षा जास्त शिकेल. राहण्यासाठी वसतिगृहात चार खाटा लागतील, तेवढ्या विद्यापीठांना जड नाहीत.

आमच्या गावाहून परभणी रेल्वेने तासाभरावर आहे. माझ्या वर्गातली सहा मुलं दिवाळीच्या सुट्टीत रोज ये-जा करायला तयार आहेत. कुणीतरी त्यांना एक टेबल द्यावं.

– एक प्राध्यापिका, परभणी जिल्हा