वर्णपटाच्या फोटोतली खोटी शिखरे

महोदय,

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी अनेक विद्यार्थी डीव्हीडीचा तुकडा, पुठ्ठ्याचा खोका आणि मोबाइल वापरून वर्णपटदर्शक तयार करतात. उपक्रम उत्तमच आहे. पण सीएफएल दिव्याच्या वर्णपटाचा फोटो इमेजजे या प्रतिमा तपासण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायचा, करडा करायचा, आडवी रेघ ओढून तिच्यावरील उजेडाचा आलेख काढायचा आणि उंच दिसेल त्याला शिखर म्हणायचे, एवढ्यावर थांबले तर तक्त्यावर चुकीचे आकडे चढतात. मार्गदर्शक शिक्षकांनी आणि परीक्षकांनी पुढील गोष्टी जरूर तपासाव्यात.

सर्वांत मोठा घोटाळा फोटो करडा करतानाच होतो. सीएफएलची ६११ नॅनोमीटरजवळची लाल रेषा प्रखर असते. फोटोतील प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवी आणि निळी अशा तीन रंगांच्या किमती, म्हणजे वाहिन्या असतात. तिथे लाल वाहिनी २५५ या कमाल पातळीला टेकली आणि हिरवी-निळी शून्याजवळ राहिली, तर तिन्हींची सरासरी येते जेमतेम ८५. करड्या आलेखात शिखर ठाकठीक दिसते, प्रत्यक्षात त्याचा माथा छाटला गेलेला असतो. त्यामुळे तिन्ही वाहिन्या आधी वेगळ्या करून पाहाव्यात. कुठेही २५५ आढळले, तर एक्स्पोजर कमी करून, ते लॉक करून फोटो पुन्हा घ्यावा. छाटलेल्या माथ्यावर एक्सेलच्या मॅच सूत्राने कमाल किंमत शोधली की सपाटीचा पहिलाच पिक्सेल हाती येतो आणि शिखर बाजूला सरकते. लाल, हिरव्या, निळ्या वाहिनीला अनुक्रमे ०.२९९, ०.५८७, ०.११४ असे भार देऊन फोटो करडा केला, तर दिव्यातील पाऱ्याची ४३५.८ नॅनोमीटरची निळी रेषा सुमारे नवव्या हिश्शाएवढी उरते. तिच्यासाठी निळी वाहिनीच घ्यावी.

रेघ एका पिक्सेलची नको. ३६ ओळींची सरासरी घेतली की नॉइज, म्हणजे किमतींतला यादृच्छिक चढउतार, साधारण सहाव्या हिश्शावर येतो. मात्र आधी फोटो फिरवून रेषा अगदी उभ्या कराव्यात. एक अंशाचा तिरपेपणा ५० ओळींत जवळपास एका पिक्सेलची सरमिसळ करतो.

शिखर ठरवताना नुसत्या उंचीची अट कुचकामी ठरते, कारण पार्श्वभूमी सगळीकडे सारखी नसते. पठारावरची टेकडी समुद्रसपाटीपासून उंच असते, पण पठारापासून किती वर आली हे पाहावे लागते. पायथनमधील सायपाय या ग्रंथालयाच्या, शिखरे शोधणाऱ्या फाइंड पीक्स या आज्ञेतला प्रॉमिनन्स हेच मोजतो. रेषा नसलेल्या भागातील किमतींचे प्रमाण विचलन काढावे. ते २ आले तर प्रॉमिनन्सची अट त्याच्या पाचपट, म्हणजे १० पासून सुरू करावी.

आलेख गुळगुळीत करण्याचा मोह आवरावा. हिरव्या भागात पाऱ्याची ५४६.१ ची रेषा आणि तिला खेटून डाव्या बाजूला टर्बियम या मूलद्रव्याची रेषा असते. गुळगुळीत करणारी खिडकी, म्हणजे सरासरीसाठी एकत्र धरलेले शेजारचे पिक्सेल, शिखराच्या रुंदीहून मोठी ठेवली की दोन्ही मिळून एकच शिखर उरते, तेही मधल्याच जागी. त्यावरून पिक्सेलचे नॅनोमीटर केले, तर पुढचे सगळे आकडे घसरतात. ४३५.८ आणि ५४६.१ वरून मापन जुळवावे, आणि लाल रेषा ६११ च्या आसपास पडते का, हे पडताळावे.

पिक्सेलहून बारीक जागा हवी असेल, तर माथ्याच्या तीन बिंदूंतून अन्वस्त काढावा. किमती १८०, २१०, २०० असतील, तर खरे शिखर मधल्या पिक्सेलच्या पाव पिक्सेल उजवीकडे येते. छाटलेल्या माथ्यावर हे गणित करू नये.

परीक्षकांना विनंती, की तक्त्यावरील आलेखासोबत मूळ फोटो, किमतींची सीएसव्ही फाइल आणि वापरलेली वाहिनी, ओळींची संख्या, खिडकी व प्रॉमिनन्स यांची नोंद मागावी.

– भौतिकशास्त्राचा एक शिक्षक, सांगली