काम नेमून दिले की अधिकारासह सोपवले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कार्यालयीन बोलण्यात आणि आता बातम्यांतही 'डेलिगेट करणे' हा शब्दप्रयोग सर्रास आढळतो. साहेबांनी कोणालाही कोणतेही काम सांगितले की ते 'डेलिगेट केले' असे म्हटले जाते. शासकीय सेवेत तीस वर्षांहून अधिक काळ काढून मी निवृत्त झाले आहे. त्या अनुभवावरून सांगते की या शब्दाच्या सैल वापरामुळे माणसांचे प्रत्यक्ष नुकसान होते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

इंग्रजीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. 'असाइन' हा लॅटिनमधील खूण या अर्थाच्या शब्दावरून आला असून, अमुक काम अमक्याच्या वाट्याचे अशी खूण करून देणे हा त्याचा मूळ भाव आहे. 'डेलिगेट' ज्या लॅटिन क्रियापदावरून आला त्याचा अर्थ आपल्या वतीने दूत पाठवणे असा आहे, आणि म्हणूनच परिषदेला जाणाऱ्या प्रतिनिधीलाही इंग्रजीत हेच नाम लावतात. दूताला पाठवणाऱ्याच्या वतीने बोलता येते. ज्याला काम 'डेलिगेट' झाले, त्याला त्या कामापुरता निर्णय घेण्याचा आणि सही करण्याचा अधिकार मिळालेला असतो. तो अधिकार दिलेला नसेल, तर काम केवळ 'असाइन' झालेले असते.

हा फरक मला शब्दकोशातून कळला नाही. सेवेच्या सुरुवातीच्या काळात, डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू असताना, दाखल्यांच्या अर्जांचे सगळे काम 'तुम्हाला डेलिगेट केले आहे' असे आमच्या वरिष्ठांनी मला तोंडी सांगितले आणि ते तारांकित प्रश्नांच्या उत्तरांच्या धावपळीत अडकले. मी अर्ज तपासत असे, खाली 'पडताळणी केली' असे लिहून आद्याक्षरी करत असे आणि गठ्ठा त्यांच्या टेबलावर ठेवत असे. दाखल्यावर सही मात्र त्यांचीच लागत होती. उमरेडहून एक वयस्कर गृहस्थ तीन वेळा आले. तिसऱ्या वेळी त्यांनी एसटीची तिन्ही तिकिटे माझ्यापुढे एकाखाली एक मांडली आणि विचारले, "बाई, काम तं तुमच्याकडंच देलं म्हनते, मंग सही काऊन नाही करत?" माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढे विलंबाची तक्रार झाली, तेव्हा खुलासा मागणारे पत्र माझ्या नावाने निघाले. काम 'डेलिगेट केले होते' हेच शब्द त्या पत्रात होते, पण सहीचा अधिकार दिल्याचा एका ओळीचाही आदेश धारिकेत, म्हणजे फाईलमध्ये, नव्हता.

कायदा याबाबतीत पुरेसा स्पष्ट आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 190 नुसार, जे काम स्वतः करण्याचे एजंटाने स्वीकारले आहे, ते त्याला दुसऱ्याकडे ढकलता येत नाही. व्यवसायाच्या रूढीनुसार उप-एजंट नेमता येत असेल किंवा कामाच्या स्वरूपामुळे तो नेमावा लागत असेल, तेवढाच अपवाद. ज्याला अधिकार सोपवला आहे त्याने तो परस्पर तिसऱ्याला सोपवू नये, हे जुने कायदेवचन वकीलमंडळी आजही उद्धृत करतात. आपल्या राज्याच्या लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 मध्येही प्रत्येक अधिसूचित सेवेसाठी 'पदनिर्देशित अधिकारी' ठरवलेला असतो आणि सेवा देण्यात कसूर झाल्यास 500 ते 5000 रुपयांपर्यंतचा दंड त्याच्यावर बसतो. अर्ज कोणत्या लिपिकाने तपासला, याने ती जबाबदारी बदलत नाही.

मराठीत यासाठी शब्द नाहीत, असे कोणी म्हणू नये. काम 'नेमून देणे' आणि काम 'सोपवणे' यांतील अंतर आपल्या घरातही पाळले जाते: मुलाला दळण आणायचे काम नेमून देतात, तर किल्ल्या आणि घर सुनेच्या हाती सोपवतात. पूर्वी मोठ्या सरदारांच्या आणि अधिकाऱ्यांच्या गैरहजेरीत त्यांच्या नावाने कारभार पाहणारा मुतालिक असे. आजही जमिनीच्या व्यवहारासाठी कुलमुखत्यारपत्र करून देताना गावातला माणूस त्यात कोणते अधिकार लिहिले आहेत ते दोनदा वाचून घेतो. शासकीय मराठीने मात्र 'प्रत्यायोजन' हा शब्द घेतला. शब्द अचूक आहे, शासन निर्णयांत तो छापलाही जातो, पण माझ्या सेवाकाळात तो कोणाच्या तोंडून सहज निघालेला मी ऐकला नाही. जिभेवर न रुळलेल्या शब्दाची जागा इंग्रजी शब्दाने घेतली आणि घेताना त्याचा निम्मा अर्थ बाहेर ठेवला, याचे मला वाईट वाटते. 'अधिकार सोपवणे' हे दोन साधे शब्द तिथे पुरेसे होते.

खासगी कंपन्यांतही वेगळे चित्र नाही. नागपूरजवळच्या मिहान प्रकल्पातील एका कंपनीत असलेली माझी भाची सांगते, की संगणकावर तिच्या नावापुढे काम 'असाइन' झालेले दिसते, बैठकीत त्यालाच 'डेलिगेशन' म्हणतात आणि शंभर रुपयांच्या खर्चालाही वरून मंजुरी घ्यावी लागते.

आपल्या दैनिकाला माझी विनंती आहे, की एखाद्या कामाची जबाबदारी कोणाकडे दिली ही बातमी छापताना सहीचा आणि खर्चाचा अधिकारही दिला आहे काय, हे वार्ताहरांनी विचारावे. दिला असेल तरच 'सोपवली' लिहावे, एरवी 'काम नेमून दिले' एवढेच लिहावे. कार्यालयांत नव्याने रुजू होणाऱ्या मुलामुलींनाही सांगावेसे वाटते, की 'तुम्हाला डेलिगेट केले' असे कोणी म्हटले तर नम्रपणे लेखी आदेश मागून घ्या आणि तो धारिकेत लावून ठेवा.

आपली,
एक निवृत्त कार्यालय अधीक्षक,
नागपूर