एम. ए. संगीताला तंबोरा जुळवण्याचे गुण ठेवा

महोदय,

एम. ए. संगीताच्या (गायन) प्रात्यक्षिक परीक्षांना बहिःस्थ परीक्षक म्हणून मी बरीच वर्षे जाते आहे. मुले तयारीची असतात, बंदिशी पाठ, ताना स्वच्छ. पण गाणे सुरू होते ते मोबाईलवर तंबोऱ्याचे ॲप लावून. विभागाचा तंबोरा गवसणीत, कोपऱ्यात.

यंदा एका मुलीने मालकंस फार छान मांडला. विलंबितातली तिची बढत अजून कानांत आहे. गाणे झाल्यावर मी तंबोरा तिच्या हाती दिला आणि मालकंसासाठी जुळव म्हटले. पहिली तार मध्यमात हवी, हे तिने लगेच सांगितले. खुंटी पिळताना मात्र कुठे थांबायचे ते कळेना. तारेतला मणी सरकवून सूर बारीक जुळवतात, हे तर तिला कोणी दाखवलेच नव्हते. यात तिचा काय दोष? लेखी पेपरात तंबोऱ्याचे अंगवर्णन विचारतात, जुळवून दाखव असे कोणी म्हणतच नाही.

जोडाच्या, म्हणजे षड्जातल्या मधल्या दोन, तारा एकजीव झाल्या, तारेखाली घोडीवर सरकवायचा जवारीचा (झणकाराचा) दोरा नेमक्या जागी बसला, की खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाच्या, तारेतून गंधार आपसूक ऐकू येतो. हा स्वयंभू गंधार ज्याच्या कानात मुरला, त्याला यमनातला गंधार कुठे लावायचा हे सांगावे लागत नाही. ॲप आयता सूर देते, तो शोधण्याची मेहनत कानाला पडतच नाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलांनी रियाजाला ॲप जरूर वापरावे, माझी हरकत नाही. पण पदव्युत्तर परीक्षेत ते नको.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांतून तिथे घडलेला तंबोरा देशभर जातो. आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम. ए.च्या पहिल्या वर्षात ४ श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण (ओजेटी) आहे. त्यातले काही दिवस मुलांना मिरजेच्या कारागिरांकडे का पाठवू नये? जवारी काढताना कारागीर घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीवर, कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. त्याच्या शेजारी बसून मुलांना जे ऐकू येईल ते वर्गात शिकवता येत नाही. कारागिरांना मात्र याचे रीतसर मानधन मिळाले पाहिजे.

अभ्यास मंडळांना माझी विनंती आहे की, प्रात्यक्षिकात तंबोरा जुळवण्यासाठी निदान १० गुण ठेवावेत. गुण असल्याशिवाय वेळापत्रकात तासिका मिळत नाही, हा माझा नोकरीतला अनुभव. आणि विद्यापीठांनी तारा व जवारीच्या खर्चाची दरवर्षी तरतूद करावी, म्हणजे विभागातले तंबोरे वाजते राहतील.

— एक निवृत्त संगीत प्राध्यापिका, सांगली