पाकिटं पुरली होती का?

कांदिवली (पूर्व)
९ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

भाऊबीजेला जेवताना विषय निघाला आणि अर्धवटच राहिला. फोनवर बोलायचं तर बाबांना कानाचं यंत्र लावायचा कंटाळा. मग मी आवाज चढवते आणि शेजारच्यांना वाटतं, बापलेकीचं जुंपलंय. म्हणून पत्र. शिवाय बाबा, आकडे कागदावर असले की तुम्हाला पटतात.

मी एवढंच म्हणाले होते, की ५२ पूर्ण झाली की नोकरी सोडायचा विचार आहे. तुम्ही लगेच म्हणालात, "मग? मी नाही सोडली ५२व्या वर्षी? पैसे नीट लावले की घर चालतं." आई काहीच बोलली नाही, पुऱ्या आणायला उठली. ताटात पुऱ्या होत्या. निघताना मात्र ती जिन्यापर्यंत आली आणि मी चपला घालत असताना हळूच म्हणाली, "नोकरी सोडू नकोस."

तेव्हापासून तुमची दोन्ही वाक्यं डोक्यात घोळतायत.

आधी हे खूळ आलं कुठून ते सांगते. आमच्या ऑफिसात याला 'फायर' म्हणतात. पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा वाटलं, कुणाला तरी काढलं बहुतेक. पण नाही. भरपूर वाचवायचं, गुंतवायचं आणि चाळिशी-पंचेचाळिशीतच नोकरीला रामराम ठोकायचा, असा तो प्रकार. आमच्या टीममधला एक ३६ वर्षांचा मुलगा डब्याच्या वेळेला मोबाइलवर रोज आपला आकडा बघतो. तुम्ही पूर्वी पासबुक भरून आणल्यावर बघायचात ना, तसाच.

त्यांचा एक नियम आहे. वर्षाच्या खर्चाच्या २५ पट रक्कम साठली की झालं. पहिल्या वर्षी त्यातले ४ टक्के काढायचे आणि पुढे दर वर्षी महागाईइतकी रक्कम वाढवत न्यायची. विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकन सल्लागाराने १९९४ साली हे मांडलं. पण बाबा, त्याने आकडे तपासले ते अमेरिकेतल्या शेअर्सचे आणि रोख्यांचे, आणि तेही ३० वर्षांच्या निवृत्तीसाठी. मी ५२व्या वर्षी थांबले आणि आपल्या आजीसारखी ९१ पर्यंत जगले, तर ३९ वर्षं काढायची आहेत. ती मुंबईत. इथे महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो आणि चोवीस वर्षांत चौपट. २५ पटींवर माझा विश्वास नाही. मी ३५ पट धरते.

आता आमचं घर. कर्जाचा हप्ता सोडला तर महिन्याला ९५ हजार लागतात. ओवीची शाळा-क्लास, सोसायटीचा मेंटेनन्स, विम्याचे हप्ते, किराणा, सगळं आलं. वर्षाचे ११ लाख ४० हजार. त्याच्या ३५ पट म्हणजे जवळजवळ ४ कोटी. आकडा बघून आई डोळे झाकून घेईल, म्हणून पुढचा लगेच सांगते. माझे पीएफमध्ये ६२ लाख, पीपीएफमध्ये ३१, म्युच्युअल फंडांत ९६ आणि एफडीत १४, असे २ कोटी ३ लाख आहेत. राहतं घर मी धरलेलं नाही. ऑफिसातली मंडळी फ्लॅटची किंमत मिळवून करोडपती होतात, पण त्याच घरात राहायचं असेल तर भिंती काही शिजवून खाता येत नाहीत.

म्हणजे वीस-बावीस वर्षं नोकरी करून मी निम्म्यावर आहे. आणि माझा पगार बरा, मंदारचाही पगार चालू.

एक साधा हिशेब केला, तो तुम्हाला आवडेल. महागाई वजा जाता पैशाने ४ टक्के कमावले असं धरा. पगारातला अर्धा दर महिन्याला बाजूला टाकला, तर ३५ पट साठायला साधारण बावीस वर्षं लागतात. पाव टाकला तर बेचाळीस. पंचविशीत सुरुवात करून पाव वाचवणारा माणूस सदुसष्टाव्या वर्षी 'लवकर' निवृत्त होणार! थोडक्यात, कुठल्या फंडात पैसे टाकले यापेक्षा पगारातले किती उरतात यावर सगळं आहे. घरभाडं किंवा हप्ता, लोकलचा पास, म्हाताऱ्यांची औषधं आणि पोरांच्या फिया भागवून मुंबईत अर्धा पगार वाचवणारे किती? मला भेटलेल्यांपैकी जे खरंच वाचवतात, त्यांच्या गोष्टीत एक वाक्य गाळलेलं असतं. त्या ३६ वर्षांच्या मुलाला विचारलं, तर तो वडिलांच्या दादरच्या घरात राहतो. दुसऱ्या एकाची बायको डॉक्टर. असं ते वाक्य.

बाबा, आता तुमच्या हिशेबाकडे येते. रागावू नका.

२००१ साली बँकांत कॉम्प्युटर येत होते आणि व्हीआरएसचं, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचं, वारं होतं. एक लाखाहून जास्त लोकांनी ती घेतली, तुम्हीही घेतलीत. पूर्ण झालेल्या दर वर्षाच्या सेवेला ६० दिवसांचा पगार, तुमची २९ वर्षं, म्हणजे ५८ महिन्यांचा पगार. ८ लाख ४० हजार आले होते. तुम्ही चाळीस पानी वहीत मांडलं होतं, १० टक्क्यांनी महिन्याला ७ हजार व्याज, वर पेन्शन. वही मला अजून आठवते, लाल शाईने रेघा मारलेल्या. गणित चोख होतं. फक्त एक गोष्ट तुम्ही पक्की धरलीत, ती म्हणजे व्याजाचा दर. पीपीएफला जानेवारी २००० पर्यंत १२ टक्के मिळायचे, मार्च २००३ मध्ये ते ८ वर आले. एफडीचे तर आणखी घसरले. मुदत संपली की तुम्ही बँकेतून परत यायचात आणि बराच वेळ बाल्कनीत बसायचात. मी विचारलं तर म्हणायचात, "काही नाही, रिन्यू करून आलो." यात तुमची चूक नव्हती. बँकेत हयात घालवलेल्या माणसालाही पुढचे दर कळत नाहीत, एवढंच मला त्यातून कळलं.

माझीही एक चूक सांगते, म्हणजे फिट्टंफाट. २००८ च्या जानेवारीत सेन्सेक्स २१ हजारांवर होता. ऑक्टोबरात साडेआठ हजारांपर्यंत घसरला. मी घाबरून म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक, म्हणजे एसआयपी, बंद केली आणि दोन वर्षं परत सुरू केली नाही. जेव्हा स्वस्तात मिळत होतं तेव्हाच मी दुकानाकडे पाठ फिरवली. नोकरी होती म्हणून ते नुकसान पचलं. पण समजा मी त्याच वर्षी निवृत्त झाले असते आणि घरखर्चासाठी दर महिन्याला पडत्या भावात युनिट विकावे लागले असते, तर? बाजार नंतर कितीही वर गेला, तरी विकून टाकलेले युनिट परत येत नाहीत. पहिली चार-पाच वर्षं वाईट निघाली तर ३५ पटीचाही खुळखुळा होतो. म्हणून मी ठरवलंय, तीन वर्षांचा खर्च एफडीतच राहील. मंदार म्हणतो, महागाई खाईल. खाऊ दे. माझी झोप तरी खाणार नाही.

आता पाकिटांची गोष्ट. आई, ही तू बाबांना कधी सांगितलीस की नाही, मला माहीत नाही. सांगितली नसशील तर माफ कर.

व्हीआरएसनंतर बाबा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर खाकी पाकिटं मांडायचे. दूध, वीज, किराणा, सोसायटी, आणि एकावर 'नितीन'. नितीन तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. व्याजाच्या नोटा वाटून झाल्या की रबरबँड लावून पाकिटं कपाटात. माझी पहिली नोकरी लागायची होती आणि मी रात्री जागून अर्ज लिहीत बसायचे. एका रात्री तू कपाट उघडलंस, पर्समधून पाचशेच्या चार नोटा काढल्यास, 'नितीन' लिहिलेल्या पाकिटात सरकवल्यास आणि रबरबँड होता तसाच दोन वेढे देऊन लावलास. मला पाहिलंस. तोंडावर बोट ठेवलंस. सकाळी ६.४० ला तू भांडुपच्या शाळेत जायला निघालीस तेव्हा बाबा पेपर वाचत होते. महिन्याच्या शेवटी ते मला म्हणाले, "बघ, पाकिटं पुरली की नाही?"

पुरली होती. २०११ मध्ये तू महापालिकेच्या शाळेतून रिटायर होईपर्यंत दर महिन्याला पुरली. बाबांची निवृत्ती १० टक्क्यांवर कधी चाललीच नाही, ती तुझ्या पगारावर चालली. आपल्या घराच्या गोष्टीतलं गाळलेलं वाक्य ते आहे. भाऊबीजेला तू पुऱ्या आणायला का उठलीस, ते मला लोकलमध्ये, बोरिवली गाडीत, गोरेगाव गेल्यावर कळलं.

बाबा, तुम्हाला कमी लेखायला मी हे लिहीत नाही. मला शाळेत सोडायला, बिलं भरायच्या रांगेत, आजीच्या दवाखान्यात तुम्हीच असायचात. सोसायटीचे हिशेब तुम्ही बारा वर्षं फुकट लिहिलेत. पण आई शाळेतून दीड वाजता यायची आणि तोपर्यंत कुकर लागलेला नसायचा, हेही खरं आहे.

मग माझ्याच हिशेबाकडे बघितलं. मी त्यात मंदारचा पगार ५८ पर्यंत धरला होता. त्याला न विचारता! एक्सेलमध्ये एक रकाना भरून टाकला, बस. परवा रात्री भांडी आवरताना त्याला विचारलं, तर म्हणाला, "मलाही कंटाळा येतो गं, पण आकडे तू करतेस म्हणून बोललो नाही." त्या रात्री रकाना पुसला.

दुसरी गाळलेली गोष्ट तुमच्याबद्दलची. तुम्ही दोघं माझ्या ऑफिसच्या विम्यात आहात. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्यावरच झालं. मी नोकरी सोडली की तो विमाही जातो, आणि ७६ आणि ७२ व्या वर्षी नवीन पॉलिसी काढायची म्हणजे हप्ता काय असेल आणि मधुमेहाला किती वर्षं थांबायला लावतील, याचा अंदाज मी घेऊन ठेवलाय. सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झालाय, तेवढाच दिलासा. बाबांच्या बँकेतल्या निवृत्तांचा गट विमा आहे, पण त्याचा हप्ता दर वर्षी वाढतोय हे तुम्हीच मला ऐकवता.

एक गोष्ट मात्र लगेच करायची. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमधून वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ऑक्टोबर २०२४ पासून हे सुरू आहे. रक्कम दोघांत मिळून आहे आणि यादीतल्याच हॉस्पिटलात चालते, त्यामुळे यावर विसंबून मी नोकरी सोडणार नाही. पण कार्ड काढून ठेवायला काय जातं? बाबा, "सरकारी योजना आपल्यासाठी नसतात" हे वाक्य या वेळी नको.

तर माझं ठरलंय ते असं. पूर्ण निवृत्ती ५२ला जमत नाही. आजच्या भावाने तोपर्यंत साडेतीन कोटींच्या आसपास जाईन, ४ होणार नाहीत. २०२८ मध्ये घराचं कर्ज फिटतं. त्यानंतर पूर्णवेळ नोकरी सोडून महिना ४० हजार मिळतील एवढंच काम करायचं. दोघा-तिघा छोट्या कंपन्यांचे हिशेब आणि पगारपत्रकं बघायची, घरून. मग साठलेल्यातून वर्षाला ११ लाखांऐवजी साडेसहा लाखच काढावे लागतील आणि बाजार पडला तरी युनिट विकायची घाई होणार नाही. याला ऑफिसातली पोरं निवृत्ती म्हणणार नाहीत. न म्हणोत. मला सकाळची ७.५२ची लोकल चुकवायची आहे, काम नाही चुकवायचं. आणि मंदार ५४ला असाच अर्धा थांबणार असेल तर मी आणखी दोन वर्षं पूर्णवेळ करेन, असं आमचं बोलणं झालंय. कुणी आधी, ते अजून ठरलेलं नाही. भांडण चालू आहे, काळजी नसावी.

दापोलीला जाऊन राहा, खर्च निम्मा होईल, असं नितीन सांगतो. तुम्ही मुलुंडला असेपर्यंत तो विषय बंद.

येत्या रविवारी दुपारी येते. दोघांची आधार कार्डं आणि आधारला जोडलेला मोबाइल जवळ ठेवा, ओटीपी लागतो. बाबा, ती लाल रेघांची वही माळ्यावर असेल तर शोधून ठेवा, मला बघायची आहे. स्टुलावर स्वतः चढू नका, मी आल्यावर काढू.

आई, मी एक्सेलमध्ये एक ओळ वाढवली आहे. 'मुलुंड, पोळ्यांच्या मावशी, दरमहा ४,०००.' तू म्हणशील, दोन माणसांच्या पोळ्यांना बाई कशाला. जिने चढताना तू कठड्याला धरून थांबतेस ते मी पाहिलंय. ही ओळ तू खोडायला लावलीस तर मी ५२ ची ओळपण खोडेन, आणि ते बाबांना तू समजवायचंस.

तुमची,
मंजू